एकोणपन्नासचे घर

१० ही संख्या घ्या आणि तिचे मूळ अवयव पाडा. मिळतात २ आणि ५. हे अवयव लहानाकडून मोठ्याकडे, शेजारी शेजारी लिहा. २५ ही नवी संख्या तयार होते. २५चे अवयव ५ आणि ५, म्हणून पुढची संख्या ५५. ५५ म्हणजे ५ × ११, म्हणून ५११. ५११ म्हणजे ७ × ७३, म्हणून ७७३. ही संख्या मूळ आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला कोणी भागत नाही. तिचे अवयव पाडायला गेलो तर तीच परत हाती येते. प्रवास संपला.

हा खेळ १९९०च्या दशकात जेफ्री हीलेन यांनी मनोरंजक गणिताच्या नियतकालिकांतून मांडला. शेवटी येणाऱ्या मूळ संख्येला इंग्रजीत ‘होम प्राइम’ म्हणतात. मी तिला सरळ ‘घर’ म्हणतो. १०चे घर ७७३. ६चे घर एकाच पावलावर, २३. ४चा मार्ग २२ आणि मग २११. ९चा मार्ग ३३ आणि मग ३११. १४ला थोडे अधिक चालावे लागते : २७, ३३३, ३३३७, ४७७१ आणि शेवटी १३३६७.

पाचवी-सहावीत अवयव पाडायला शिकलेल्या कोणालाही हा नियम एका मिनिटात सांगता येतो. तरीही ४९ या संख्येचे घर कोणते, हे आजपर्यंत जगात कोणालाही सापडलेले नाही. नियम इतका साधा, सुरुवातीची संख्या इतकी लहान, आणि तरी उत्तर नाही, हे कसे? या प्रश्नाच्या मागे लागल्यावर मला जे कळले, ते या लेखात मांडतो.

एकच वाट

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. तुम्ही आणि मी वेगवेगळ्या खोल्यांत बसून ४९चा प्रवास सुरू केला, तर आपण वेगळ्या वाटांनी जाऊ का? नाही. एकापेक्षा मोठ्या प्रत्येक पूर्ण संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात. फार तर त्यांचा क्रम बदलेल. या गोष्टीचे बीज युक्लिडच्या ग्रंथात आहे आणि तिची नेटकी सिद्धता गाउसने १८०१ साली दिली. क्रम तर आपण ठरवूनच टाकला आहे, लहानाकडून मोठ्याकडे. त्यामुळे प्रत्येक संख्येची पुढची पायरी एकच असते. ती कोणी शोधो वा न शोधो, ती ठरलेली आहे.

नियमाने बांधलेल्या अशा संख्यांच्या रांगेला गणितात क्रमिका म्हणतात आणि रांगेतल्या प्रत्येक संख्येला पद. क्रमिका गोळा करण्याचा नाद नील स्लोन यांना विद्यार्थिदशेत, १९६४मध्ये लागला. १९७३ साली त्यांनी २३७२ क्रमिकांचे पुस्तक काढले. पुढे त्याचा कोश झाला, तो इंटरनेटवर गेला, आणि आज त्यात तीन लाखांहून अधिक क्रमिका आहेत. मूळ अवयवांपासून बांधलेल्या क्रमिकांची त्यात मोठी वस्ती आहे, आणि ४९चा हा प्रवासही तिथे नोंदलेला आहे.

आता ४९बरोबर थोडे चालून पाहू.

४९ = ७ × ७, म्हणून ७७.
७७ = ७ × ११, म्हणून ७११.
७११ = ३ × ३ × ७९, म्हणून ३३७९.
३३७९ = ३१ × १०९, म्हणून ३११०९.
३११०९ = १३ × २३९३, म्हणून १३२३९३.
१३२३९३ = ३ × ४४१३१, म्हणून ३४४१३१.
३४४१३१ = १७ × ३१ × ६५३, म्हणून १७३१६५३.
१७३१६५३ = ७ × ११ × ४३ × ५२३, म्हणून ७११४३५२३.

इथवर मी वही-पेन्सिलने आणि साध्या गणकयंत्राने येऊ शकलो. पुढच्या पायरीला ११, ११, ५७७ आणि १०१९ हे अवयव मिळून अकरा अंकी संख्या होते, आणि तिथून यंत्राची मदत घ्यावी लागते. संगणकांवर हा प्रवास शंभराहून अधिक पायऱ्यांपर्यंत नेला गेला आहे. वाटेतल्या संख्या आता दोनशेहून अधिक अंकी झाल्या आहेत आणि घर अजून आलेले नाही.

१००पेक्षा लहान संख्यांपैकी अशा बेघर संख्या दोनच आहेत, ४९ आणि ७७. त्यातली ७७ ही ४९च्याच वाटेवरची पहिली पायरी असल्याने खरी अडचण एकाच संख्येची. बाकी सगळ्या घरी पोचल्या आहेत. कोणी लवकर, कोणी उशिरा. ८ ही संख्या २२२, २३३७, ३१९४१ अशी निघते आणि तेराव्या पायरीवर ३३३१११३९६५३३८६३५१०७ या एकोणीस अंकी घरात शिरते. २०ला पंधरा पायऱ्या लागतात.

घर असेल, असे का वाटते?

४९ कदाचित एखाद्या फेऱ्यात अडकून त्याच त्या संख्यांवर परत परत येत असेल, अशी शंका कोणालाही येईल. ती दूर करणे सोपे आहे. ७ आणि ७३ पाहा. त्यांचा गुणाकार ५११. शेजारी लिहिल्यावर ७७३ होतात, म्हणजे ७ × १०० + ७३. आता ७३ हे १००पेक्षा लहान असल्यामुळे ७ × ७३ हा गुणाकार ७ × १००पेक्षा लहानच राहणार, आणि शेजारी लिहिलेली संख्या त्याहून मोठी. उजवीकडचा अवयव एकअंकी असेल तर १०, दोनअंकी असेल तर १००, तीनअंकी असेल तर १०००; युक्तिवाद तोच. अवयव दोनापेक्षा जास्त असतील तर तोच पुन्हा वापरायचा. तेव्हा प्रत्येक पायरीला संख्या वाढतेच, मागे वळणे शक्य नाही, फेरा संभवत नाही. शक्यता दोनच उरतात : कधीतरी मूळ संख्या लागेल, किंवा प्रवास अनंत चालेल.

यातली पहिली शक्यता अधिक खरी वाटते, आणि ती का, हे समजून घ्यायला रामानुजनची मदत होते. १९१७ साली हार्डी आणि रामानुजन यांनी एका लेखात दाखवले की, संख्या कितीही अवाढव्य असली तरी सामान्यतः तिचे मूळ अवयव अगदी थोडे असतात. कोटीच्या आसपासच्या संख्येला साधारण तीन. शंभर अंकी संख्येलासुद्धा पाच-सहाच. काही संख्यांना पुष्कळ अवयव असतात, पण त्या अपवादात्मक.

आपल्या खेळात याचा अर्थ असा. दोन अवयव शेजारी लिहिले की त्यांच्या गुणाकारापेक्षा फार तर एक अंक वाढतो. तीन लिहिले तर फार तर दोन. अवयव थोडे, म्हणून प्रत्येक पायरीला वाढही थोडी. ४९ शंभराहून अधिक पायऱ्या चढूनही काहीशे अंकांतच आहे, याचे कारण हेच.

दुसऱ्या बाजूने मूळ संख्या किती विरळ होत जातात, हेही आपल्याला माहीत आहे. शंभर अंकी संख्यांमध्ये साधारण २३०तली एक मूळ असते. दोनशे अंकींमध्ये साधारण ४६०तली एक. म्हणजे प्रत्येक पायरीला घर लागण्याची शक्यता कमी होत जाते, पण सावकाश. १ + १/२ + १/३ + १/४ अशी बेरीज करत गेलो तर ती फार संथ वाढते, तरी कुठेही थांबत नाही. हे पदवीच्या पहिल्या वर्षात शिकवतात. आपल्या शक्यतांची बेरीज याहून संथ, पण जातकुळी तीच. म्हणून प्रत्येक संख्येला घर असावे, असा अंदाज बांधता येतो. मात्र हा अंदाज ‘आपल्या क्रमिकेतल्या संख्या जणू सोडतीतून निघाल्या आहेत’ असे धरून केलेला आहे. त्या सोडतीतून निघालेल्या नाहीत. प्रत्येक पायरी आधीच ठरलेली आहे. त्यामुळे याला सिद्धता म्हणता येत नाही.

अडले कुठे?

चालत राहिले की कधीतरी घर येईल, असे वाटत असेल तर चालत का राहत नाहीत? कारण पुढचे पाऊल टाकण्यासाठी हातातल्या संख्येचे अवयव पाडावे लागतात, आणि दोनशेहून अधिक अंकी संख्येचे अवयव पाडणे हे भयंकर कष्टाचे काम आहे.

इथे एक विलक्षण विषमता आहे. एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे तिचे अवयव न पाडताही सांगता येते. सतराव्या शतकात फर्माने एक गुणधर्म नोंदवला : २ सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या, तिच्यापेक्षा एकाने कमी इतक्या वेळा २ घेऊन गुणाकार करा, आणि त्या गुणाकाराला मूळ संख्येने भागा, बाकी १ उरते. आता १५वर हा प्रयोग करू. चौदा वेळा २ घेऊन गुणाकार केला तर १६३८४ येतात. १५ने भागले की बाकी ४. बाकी १ आली नाही, म्हणून १५ मूळ नाही. या सगळ्यात ३ किंवा ५ यांचे नावही आले नाही. संख्या फुटणारी आहे हे कळले, कुठे फुटते ते कळले नाही.

फर्माच्या या कसोटीला फसवणाऱ्या काही संयुक्त संख्या आहेत, त्यामुळे तिच्या सुधारित आवृत्त्या वापराव्या लागतात. पण कोणतीही संख्या मूळ आहे की नाही याचा खात्रीचा निकाल वाजवी वेळात नेहमीच लावता येतो, हे २००२ साली आयआयटी कानपूरमध्ये सिद्ध झाले. मणींद्र अग्रवाल आणि नुकतीच पदवी घेतलेले त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, यांचे ते काम. जगभरच्या गणितज्ञांनी त्याचे स्वागत केले.

अवयव पाडण्यासाठी मात्र अशी कोणतीही वेगवान रीत नेहमीच्या संगणकांसाठी सापडलेली नाही. २०२० साली फ्रान्स आणि अमेरिकेतील संशोधकांनी आव्हान म्हणून मांडलेली एक २५० अंकी संख्या तिच्या दोन मूळ अवयवांत फोडली. संगणकातल्या प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर ते काम चालवले असते, तर सुमारे २७०० वर्षे लागली असती. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी संदेश गुप्त ठेवण्याची जी पद्धत शोधली, ती याच अडचणीच्या भरवशावर उभी आहे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार क्षणात होतो, पण तो गुणाकार पाहून त्या दोन संख्या ओळखता येत नाहीत. ४९ला ज्या भिंतीने अडवले आहे, तिच्याच आडोशाला जगाने आपली बरीच गुपिते ठेवली आहेत.

नियमात थोडा बदल

जॉन कॉनवे या ब्रिटिश गणितज्ञाला असे खेळ फार प्रिय. त्याने याच खेळाचा एक भाऊबंद मांडला. एखादा अवयव अनेकदा येत असेल तर तो पुन्हा पुन्हा न लिहिता, एकदा लिहून पुढे त्याचा घातांक लिहायचा. घातांक १ असेल तर तो लिहायचा नाही. म्हणजे ६० = २ × २ × ३ × ५; यात २चा घातांक २, म्हणून २, २, ३, ५ मिळून २२३५. २२३५ = ३ × ५ × १४९, म्हणून ३५१४९, आणि ही मूळ संख्या आहे. प्रत्येक संख्या अशी चढत चढत मूळ संख्येपर्यंत पोचते का? कॉनवेने २०१४ साली जाहीर केले की, होय किंवा नाही, काहीही सिद्ध करून दाखवणाऱ्याला एक हजार डॉलर.

वरवर पाहता दोन्ही खेळ सारखेच. पण एक फट आहे. १०२४ म्हणजे दहा वेळा २चा गुणाकार. कॉनवेच्या नियमाने त्याचे २१० होतात. संख्या कमी झाली! ‘प्रत्येक पायरीला वाढ’ ही आपली हमी इथे लागू नाही. तेव्हा कोणी सांगावे, एखादी संयुक्त संख्या फिरून स्वतःवरच येत असेल.

२०१७ साली जेम्स डेव्हिस यांनी नेमकी अशी संख्या दाखवली : १३५३२३८५३९६१७९. तिचे अवयव १३, ५३ (दोनदा), ३८५३ आणि ९६१७९. नियमाप्रमाणे १३, ५३, २, ३८५३, ९६१७९ हे शेजारी लिहा. पुन्हा तीच संख्या. ती मूळ नाही आणि ती कुठेच जात नाही. कॉनवेचा अंदाज कोसळला.

ही संख्या आंधळेपणाने चाचपडून सापडणारी नव्हती. तिच्या मागची युक्ती समजली तेव्हा मी पुन्हा पुन्हा ताळा करून पाहिला. शेवटचा अवयव, ९६१७९, बाजूला ठेवा. बाकीच्यांचा गुणाकार १४०७००००१ येतो. त्यांना नियमाप्रमाणे शेजारी लिहिले की १३५३२३८५३ ही संख्या होते. आता गंमत पाहा : १४०७ × ९६१७९ = १३५३२३८५३. म्हणजे १४०७०००००ला ९६१७९ने गुणले तर १३५३२३८५३च्या पुढे पाच शून्ये येतात. आणि त्या शेवटच्या १साठी आणखी एकदा ९६१७९ मिळवले की ते त्या पाच शून्यांच्या जागी अचूक बसते. गुणाकार आणि शेजारी लिहिणे या दोन वेगळ्या क्रिया इथे एकाच उत्तरावर येतात. आधी असा साचा आखून मग त्यात बसणाऱ्या संख्या शोधल्या, की शोधाचे क्षेत्र आवाक्यात येते.

एक संख्या अडकते हे कळले, म्हणून बाकीच्यांचे भवितव्य मात्र कळत नाही. हीलेनच्या नियमाने पंधरा पायऱ्यांत घरी पोचणारी २० ही संख्या कॉनवेच्या नियमाने २२५, ३२५२, २२३२७१ अशी निघते, आणि तिचे पुढे काय होते हे अजून अनिर्णित आहे.

लहान निवडा की मोठा?

आणखी एक क्रमिका सांगतो, कारण तिच्यात सिद्धता आणि अंधार अगदी शेजारी शेजारी दिसतात. मूळ संख्या अनंत आहेत, हे सिद्ध करताना युक्लिडने एक युक्ती वापरली : हाताशी असलेल्या सर्व मूळ संख्यांचा गुणाकार करा, त्यात १ मिळवा, जे येईल त्याचा कोणताही मूळ अवयव नवाच असणार. १९६३ साली अल्बर्ट मलिन यांनी ही युक्ती सतत चालवली. २ने सुरू करा. २ + १ = ३. मग २ × ३ + १ = ७. मग २ × ३ × ७ + १ = ४३. पुढे २ × ३ × ७ × ४३ + १ = १८०७ = १३ × १३९. आता दोन अवयव आले, कोणता घ्यायचा?

दरवेळी सर्वांत लहान घेतला तर क्रमिका अशी होते : २, ३, ७, ४३, १३, ५३, ५, ६२२१६७१... मलिन यांचा प्रश्न असा की, प्रत्येक मूळ संख्या यात कधी ना कधी येते का? ५ सातव्या जागी आले, ११ बाराव्या. पण माहीत असलेल्या पन्नासेक पदांत ४१ अद्याप आलेले नाही, आणि प्रश्न उघडाच आहे. इथेही पुढचे पद अवयव पाडण्याच्या भिंतीपलीकडे आहे.

आता दरवेळी सर्वांत मोठा अवयव घ्या. २, ३, ७, ४३, १३९, आणि मग २ × ३ × ७ × ४३ × १३९ + १ = २५१०३५ = ५ × ५०२०७. इथे ५ दारापर्यंत आले, पण ५०२०७ मोठा असल्यामुळे परत गेले. ते पुन्हा कधी आत येईल का? कधीच नाही, आणि हे आपण चार ओळींत सिद्ध करू शकतो. ५ची निवड होण्यासाठी ‘गुणाकार अधिक १’ या संख्येत ५हून मोठा अवयव असता कामा नये. २ आणि ३ गुणाकारात आधीच असल्यामुळे ते तिला भागू शकत नाहीत. म्हणजे ती फक्त ५चीच बनलेली हवी : ५, २५, १२५, ६२५... या प्रत्येक संख्येतून १ वजा केला की ४ने भाग जातो. म्हणजे आपल्या गुणाकाराला ४ने भाग जायला हवा. पण त्यात २ एकदाच आहे, बाकी सगळ्या संख्या विषम. म्हणून अशक्य. २०१२ साली अँड्र्यू बुकर यांनी याहून पुढे जाऊन दाखवले की, या दुसऱ्या क्रमिकेतून अनंत मूळ संख्या कायमच्या वगळल्या जातात.

एका क्रमिकेबद्दल कोट्यवधी पायऱ्या न चालताही निर्णय देता येतो. दुसरीबद्दल, केवळ ‘मोठा’ऐवजी ‘लहान’ म्हटल्यामुळे, काहीच सांगता येत नाही.

कुंपण नसलेले रान

मराठी वाचकाला अशा वेळी देवळालीचे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर आठवणारच. या शाळाशिक्षकाने १९४९ साली ६१७४चे गुपित उलगडले : चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चारअंकी संख्या घ्या, तिच्या अंकांपासून बनणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान वजा करा, हेच करत राहा, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतात. तोही एक लहानसा नियम, परत परत चालवलेला. पण चारअंकी संख्या दहा हजारांच्या आत आहेत. त्या रानाला कुंपण आहे. सगळे रान पायी फिरून खात्री करता येते. ४९च्या रानाला कुंपण नाही, आणि त्याच्या प्रत्येक पावलाला आधीच्यापेक्षा जड कुलूप आहे.

याचा उपयोग काय, असे मला विचारले जाते. ४९चे घर सापडल्याने कोणाचे पोट भरणार नाही. पण एक समज त्यामुळे तपासून पाहावी लागते. गणितात नियम पूर्ण माहीत असला की सगळे माहीत झाले, असे आपण धरून चालतो. इथे नियम पूर्ण माहीत आहे. लपवलेले काही नाही, योगायोगाला जागा नाही, प्रत्येक पायरी एकमेव आहे. तरी पुढची पायरी ‘आहे’ म्हणणे आणि ती हाती येणे यांच्यात शेकडो वर्षांची यंत्रांची मेहनत उभी राहू शकते. आणि एखादा नेमका विचार, ५बद्दल आपण केला तसा, ती सारी मेहनत टाळून थेट अनंतापर्यंत पोचवू शकतो. कोणत्या प्रश्नाला मेहनत लागेल आणि कोणता चार ओळींत सुटेल, हे प्रश्नाच्या तोंडावळ्यावरून ओळखता येत नाही.

४९साठी तशा चार ओळी अजून कोणाला सुचलेल्या नाहीत. तोवर संगणक अवयव पाडत राहतील. ७७, ७११, ३३७९... सुरुवातीच्या आठ पायऱ्या कोणालाही कागदावर चढता येतील अशा आहेत.